स्टुडिओ मूड कॉम्बो, सात महिने वापरून: एलईडी, फोम आणि बेंजोतली ती भुणभुण

आधी रेटिंग टाकून मोकळा होतो, पाचपैकी दीड. त्यातला एक एलईडीला आणि अर्धा डिलिव्हरीवाल्या भावाला, कारण त्या दिवशी आमची लिफ्ट बंद होती आणि तो बिचारा एवढा मोठा खोका घेऊन चौथ्या मजल्यावर चढला. फोमला शून्य. मायनसमध्ये द्यायची सोय असती तर तीही वापरली असती.

आता वस्तू काय ते सांगतो. ऑनलाइन स्टुडिओ मूड असं काहीतरी सर्च केलं की पहिल्याच पानावर येतो हा सेट, १० मीटर एलईडी पट्टी, ४४ बटणांचा रिमोट, १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक इंच जाडीच्या काळ्या पिरॅमिडवाल्या २४ फोम टाइल्स आणि चिकटवायला डबल टेपचा रोल. मला सेलमध्ये २,७९९ ला पडला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण तोच सेट, तेच फोटो, तोच हेडफोन लावून हसणारा माणूस सात वेगवेगळ्या नावांखाली दिसतो, एकाला शिव्या घालून काय उपयोग.

घेतला का? तर ते जरा लाजिरवाणं आहे. मी डोंबिवलीला राहतो, आमच्या फ्लॅटमधली आतली दहा बाय दहाची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. काम म्हणाल तर हळदीची गाणी, कोळीगीतं, श्रावण जवळ आला की गणपतीची, मधूनच एखाद्या सराफाची जिंगल. लग्नसराईच्या आधी फेब्रुवारीत माझ्याकडे हळदीची सहा गाणी होती आणि सहाच्या सहा एकमेकांची सख्खी भावंडं वाटत होती, तोच ठेका, तोच बेंजोचा पीस, तीच "दणका" टाइप एन्ट्री. प्रोजेक्ट उघडायचा, चार बार ऐकायचे, बंद करायचा, चहा. असं दोन आठवडे. आणि मधल्या वेळात रील्स बघायचे, ज्यात प्रत्येक प्रोड्युसरची खोली जांभळी असते. च्यायला, मला खरंच वाटायला लागलं की माझ्या खोलीत ट्यूबलाइट आहे म्हणून गाणं सुचत नाहीये.

पट्टी लावायला सोपी आहे, हे कबूल. मागचा कागद काढा, भिंतीला दाबा, अर्ध्या तासात छताच्या कडेने पूर्ण चक्कर झाली. रात्री लावली आणि खरं सांगतो, भारी वाटलं. आई दार उघडून बघून गेली आणि म्हणाली, "एवढ्या अंधारात डोळे जातील तुझे," पण ती पंख्याच्या वाऱ्यालाही तेच म्हणते. पहिल्या तीन दिवसांचा हिशोब मात्र असा: फोटो बावीस, गाणं शून्य. रिमोटवर एक म्युझिक मोड आहे, आवाजावर लाइट नाचते. मला वाटलं किकवर, म्हणजे ड्रमच्या जाड धपक्यावर नाचेल. ती स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिटीवर सगळ्यात छान नाचते, किकला ओळखच देत नाही.

चौथ्या दिवशी बेंजोवाले काका आले आणि इथून खरा रिव्ह्यू सुरू होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडचा बेंजो म्हणजे परदेशी चामड्याचा बॅन्जो नाही, तो बुलबुलतरंगाचा मोठा भाऊ. टाइपरायटरसारख्या पट्ट्या एका हाताने दाबायच्या, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. मूळ वाद्य जपानचं, नागोयाला १९१२ साली निघालेलं ताइशोगोतो, तिथून फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवून असं काही जोरात केलं की आता बेंजोशिवाय हळद अंगाला लागतच नाही. तर मुद्दा पिकअपचा. पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार. तिला आपल्या तारेचं कंपन ऐकू येतं तसंच खोलीत फिरणारं बाकीचं विजेचं कचरापाणीही ऐकू येतं, ती भेदभाव करत नाही.

काकांनी केबल लावली, मी गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवला आणि हेडफोनमध्ये झिंईंईं असा आवाज. काका माझ्याकडे बघतात, मी काकांकडे. "यो कोनचा आवाज येतंय रं दादूस?" मी केबल बदलली, इंटरफेसचं, म्हणजे वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचं, दुसरं इनपुट घेतलं, लॅपटॉपचा चार्जर काढला, पंखा बंद केला, मोबाइल बाहेर ठेवले, फ्रिजसुद्धा बंद करून आलो आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. झिंईं तिथेच. पाऊण तास गेला, काका एका तासाचे पैसे घेतात. शेवटी कंटाळून त्यांना जरा नीट दिसावं म्हणून मी रिमोटवर फुल पांढरा दाबला आणि आवाज गायब! परत जांभळा, मंद केला, झिंईं परत. पांढरा फुल, शांत.

त्या रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं. एलईडीचा उजेड कमी करायचा तर असले स्वस्त कंट्रोलर करंट कमी करत नाहीत, ते लाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते मंद दिसतं. पण ती दहा मीटरची पट्टी म्हणजे खोलीभर फिरवलेली अँटेनाच, प्रत्येक चालू-बंदचा झटका हवेत, आणि पिकअप तो प्रामाणिकपणे उचलतो. पट्टीतले लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग फुल असले की चालू-बंद होतच नाही, सतत चालू, म्हणून आवाज नाही. म्हणजे बघा, ही मूड लाइट जोपर्यंत मूडमध्ये नसते तोपर्यंतच स्टुडिओत चालते. दिवा जेवढा मंद तेवढी भुणभुण जास्त. एवढी सुंदर थट्टा मुद्दाम करायची म्हटली तरी जमली नसती.

गिटारवाल्यांनो, तुमच्याकडे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप असेल तर तुम्हालाही हेच होणार. दोन वेटोळ्यांच्या हमबकरला त्रास कमी. की-बोर्ड आणि सॅम्पलवर (तयार रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर) काम करणाऱ्यांना काहीच जाणवणार नाही, त्यांनी खुशाल घ्यावी.

आता फोम.

फोमबद्दल लोकांना एक गोड गैरसमज असतो की हा लावला की खोली साउंडप्रूफ होते. नाही होत. शेजारच्या काकूंचा मिक्सर मला अजूनही ऐकू येतो आणि माझा ठेका त्यांना, हे त्या मला जिन्यात भेटल्यावर सांगतात. आवाज आत-बाहेर जाणं अडवायला वजन लागतं, विटा लागतात, जड दार लागतं, हवेसारखा हलका फोम काय अडवणार. फोम फक्त खोलीतला घुमणारा आवाज थोडा गिळतो. आणि एक इंचवाला तर अगदीच वरवरचा, सिबिलन्स (गाण्यातले स-श), टाळी, हाय-हॅट (ड्रमची झांज) एवढंच. टाळी वाजवली की आधी भिंतींमध्ये टर्रर्र व्हायचं ते फोम लावल्यावर बंद झालं आणि मी खूश, वा, आता माझी खोली डेड, म्हणजे न घुमणारी झाली. इथेच फसलो. टाळी मेली पण बेस जिवंत, उलट वरचं सगळं कमी झाल्यामुळे खालचा जास्तच अंगावर यायला लागला.

थोडं गणित सांगतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. खोली दहा बाय दहा म्हणजे भिंत ते भिंत साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ज्या लहरीची अर्धी लांबी तेवढी आहे ती येते ५६ हर्ट्झच्या आसपास. ती लहर दोन भिंतींमध्ये अडकून राहते. आणि माझी खोली चौकोनी, म्हणजे लांबीलाही ५६, रुंदीलाही ५६, दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. या लहरीचं वैशिष्ट्य असं की भिंतीपाशी ती दणदणीत ऐकू येते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब. माझी खुर्ची कुठे होती? बरोबर मध्यावर, फोटोत पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी यावी म्हणून.

म्हणजे मी जिथे बसून किक ऐकत होतो तिथे किकचं पोट ऐकूच येत नव्हतं. मग मी काय केलं, वाढवली. अजून वाढवली. ते गाणं भिवंडीकडे एका हळदीत टेम्पोवरच्या स्पीकरच्या भिंतीवर वाजलं आणि रात्री साडेअकराला गायक दादाचा फोन, मागे सगळा धुडगूस, "अरे किक टाकलीस का तोफ? बेंजो कुठाय? शब्द कुठायत?" त्यांचं काय चुकलं. ५६ हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साही दीड मीटर भरतो आणि मी तिच्यापुढे एक इंचाचा स्पंज उभा केला होता.

चिकटपट्टीची गोष्ट वेगळीच. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हवेत ओल आली की टाइल्स एकेक करून राजीनामे द्यायला लागल्या. रात्री दोनला हेडफोन लावून बसलोय, मागून खांद्यावर काहीतरी मऊ पडतं, काळजाचं पाणी. आणि नुसती पडत नाही, भिंतीचा डिस्टेंपर घेऊन पडते. चोवीसपैकी एकोणीस पडल्या, भिंतीला देवी आल्यासारखे एकोणीस चौकोनी व्रण आहेत, ऑगस्टमध्ये घरमालक आले तेव्हा त्यांच्यासमोर मी कॅलेंडर धरून उभा होतो.

आणि एक गोष्ट थट्टेची नाही. मी मूड म्हणून त्या खोलीत धूप लावायचो. आईनेच एकदा उदबत्तीचं घर उचलून बाहेर नेलं, "हे स्पंज पेट घेईल," म्हणाली. मी हसलो आणि मग वाचलं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली एका नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. या सेटच्या खोक्यावर आगीबद्दल एक अक्षर नाही. ज्यांनी घेतलाय त्यांनी निदान त्या खोलीत दिवा-उदबत्ती-मच्छर कॉइल काही लावू नका. लॅपटॉपचा गरम अडॅप्टरही त्याला टेकवून ठेवू नका.

शून्य का दिलं ते आता कळलं असेल.

पण मूडचा मुद्दा मी खोडून काढत नाहीये हां. मोठमोठ्या लोकांनी मूडसाठी काय काय केलंय. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनने साठच्या दशकात स्वतःच्या घरात वाळूची पेटी करून त्यात पियानो ठेवलेला, वाजवताना पायाखाली समुद्रकिनारा लागावा म्हणून. मग त्याच्या कुत्र्यांनी त्या वाळूचा जो काय उपयोग केला तो केलाच. रेहमानने १९८९ मध्ये चेन्नईत घराच्या मागच्या अंगणात स्टुडिओ बांधला आणि कामाला रात्र निवडली. दोघांनीही आपल्याला काय लागतं ते शोधलं, रीलमधलं बघून नाही. मला मात्र काय लागतं हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं, सरळ कार्टमध्ये टाकलं.

मे महिन्यात मग सुताराला बोलावलं. चार फूट बाय दोन फुटाच्या चौकटी, चार इंच खोल, आत दोन-दोन इंचाचे रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) दोन थर, वरून मांजरपाट ताणून ठोकलं. कापड कुठलंही नको, तोंडाला लावून फुंकून बघायचं, हवा आरपार गेली तर आवाजही जाणार. अशी सहा केली, मजुरी धरून साडेआठ हजार गेले. रॉकवूल भरताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क लावा, मी अर्ध्या बाह्यांत भरलं आणि दोन दिवस स्वतःला ओरबाडत होतो. कुठे लावायची त्याची युक्ती जुनी आहे आणि फुकट आहे: आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पॅनेल, म्हणजे ही चौकट. आमच्याकडे आरसा आईने धरला आणि दर वेळी मला "दिसला का?" विचारताना स्वतःचा अंबाडा नीट करून घेतला.

बाजूला दोन, डोक्यावर एक, मागे एक, समोरच्या दोन कोपऱ्यांत तिरकी दोन. खुर्ची मध्यावरून पुढे आणली, समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर. खरं सांगू का, बेसमध्ये सगळ्यात जास्त फरक खुर्ची हलवल्याने पडला, ज्याला एक पैसा लागत नाही. ५६ पूर्ण गेलं असं नाही, चार इंचाने ते जात नाही, पण आता निदान ऐकू तरी येतं. दाराला आजीची जाड गोधडी टांगली. आणि खोलीत शिरल्यावर कान असे सैल पडतात, जसं बाहेरून दमून आल्यावर कोणीतरी टीव्ही बंद करावा तसं. त्या दिवशी मी सलग चार तास बसलो, आवाज हळू ठेवून, आणि डोकं दुखलं नाही. मी कानाच्या त्रासाला डोळ्याचं औषध करत होतो एवढंच.

तरी सहा गाणी सहा भावंडंच होती हां. पॅनेलने गाणं सुचत नाही.

ब्रायन ईनो नावाचा ब्रिटिश प्रोड्युसर आणि त्याचा चित्रकार मित्र पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये पत्त्यांसारखा एक संच काढला, अडलं की एक पत्ता उचलायचा आणि त्यावर लिहिलेलं करायचं. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या बर्लिनच्या काळातल्या रेकॉर्डिंगला ते वापरले गेले होते. तो संच इकडे मागवायचा म्हणजे परत खर्च, म्हणून मी घरात पडलेल्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याच चिठ्ठ्या केल्या. "बेंजो काढून टाक." "आईला ऐकव, तिने मान हलवली नाही तर डिलिट." "स्वयंपाकघरातून एक आवाज आण." "क्लिक बंद," म्हणजे रेकॉर्ड करताना कानात वाजणारी तालाची टकटक बंद. पंचेचाळीस केल्या, चांगल्या नऊ-दहाच निघाल्या, बाकीच्या रात्री दीडच्या अकला. एकीवर नुसतंच "समुद्र" लिहिलंय, तेव्हा मला काय म्हणायचं होतं देव जाणे.

स्वयंपाकघरवाली चिठ्ठी निघाली त्या दिवशी आई पाट्यावर वाटण वाटत होती. मिक्सर असताना पाटा का, तर माशाला पाट्यावरचंच लागतं. मी माइक नेऊन ठेवला. पाटा-वरवंट्याचा तो घसारा, पुढे जाताना लांब आणि परत येताना तोकडा, मध्ये पाणी शिंपडलं की थोडा ओला होतो. तोच लूप करून (परत परत वाजवून) शेकरच्या, म्हणजे खुळखुळ्याच्या जागी टाकला. पंचमदांनी, म्हणजे आर. डी. बर्मननी, अर्ध्या भरलेल्या बाटल्यांवर फुंकून आवाज काढलेले, आपण निदान वरवंटा तरी. आणि गंमत म्हणजे गाण्यात हळद वाटायचंच कडवं होतं, मला ते नंतर लक्षात आलं, गायकाला वाटलं मी मुद्दाम केलंय, मी पण "हो म्हणजे काय" म्हणून घेतलं.

आता धवलारीण आजींचं सांगतो. आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते, लग्नाचे विधी तिच्या धवळ्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालतात, ही बाई गात असते आणि तिच्या गाण्यानुसार पुढचं पुढचं होत जातं. एका गाण्याच्या सुरुवातीला मला खरे धवळे हवे होते, सॅम्पल नको होतं. गायक दादाच्या ओळखीने एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, हातात पिशवी. मी तयारीत, कंडेन्सर माइक उंच स्टँडवर, हेडफोन, पॉप फिल्टर आणि हो, पट्टी जांभळी, कारण आज बेंजो नव्हता म्हणजे भुणभुणीचा प्रश्न नव्हता, म्हटलं निदान आज तरी पैसे वसूल.

आजी दारातच थांबल्या. "पोरा, ती लाइट बंद कर, डोलं दुखतान."

बंद केली. ट्यूब लावली. त्यांना हेडफोन दिला, त्यांनी कानावर ठेवला, काढला, माझ्या हातात परत दिला. उभं राहून गायला लागल्या आणि दोन ओळींत थांबल्या. परत सुरुवात, परत थांबल्या. आवाज घशातच. तीनदा झालं. मला वाटलं घाबरल्यात, माझी ती ठरलेली वाक्यं सुरू, आजी रिलॅक्स, आजी आपलंच घर आहे. आई मागून बघत होती. ती काही न बोलता आत गेली आणि पाट घेऊन आली. जमिनीवर ठेवला. पुढे तांब्याचं ताम्हन, त्यात हळद, तांदूळ, सुपारी. आजी पाटावर बसल्या, पदर डोक्यावरून घेतला, मूठभर तांदूळ हातात घेतले. मी स्टँड खाली आणला, एवढा खाली की तो वाकला, शेवटी खाली दोन जाड पुस्तकं ठेवून माइक कसाबसा छातीच्या पातळीला. ट्यूब डोळ्यावर येत होती म्हणून आईने ती घालवली आणि देवघरातला झिरोचा लाल बल्ब काढून टेबललॅम्पमध्ये लावला.

आणि मग त्या गायल्या, अकरा मिनिटं. मध्ये थांबल्या नाहीत. प्रत्येक कडव्याला दोन दाणे ताम्हनात टाकायच्या आणि ते टिक-टिक माइकमध्ये आलंय, मी काढलं नाही. क्लिक नव्हता, लय श्वासाप्रमाणे पुढे-मागे, एका ठिकाणी जवळजवळ थांबते आणि परत उचलते. त्यावर ठेका बसवायचा तर ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सारख्या अंतराच्या तालरेषांवर काहीच बसेना. मी आधी सवयीने त्यांचा आवाज कापून ग्रिडला ओढला, ऐकला आणि लाज वाटली, लगेच मागे घेतलं. मग उलटं केलं, प्रोजेक्टची लय त्यांच्या आवाजाप्रमाणे बिंदू-बिंदू हलवली, त्यात सहा तास गेले. सहा भावंडांतलं ते पहिलं गाणं जे बाकीच्या पाचांसारखं वाटत नाही.

झिरोच्या बल्बला जुनी तार असते, ती चालू-बंदच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी बेंजोवाले काका आले तेव्हाही तोच लावला आणि झिंईं नाही. मला तो फुकटच पडला. आता आई विचारते देवघरातला कधी परत देणार.

सर्व्हिसबद्दल दोन शब्द, कारण कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. टाइल्स पडायला लागल्यावर विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं की भिंत नीट पुसली नसेल. पुसली होती. फोटो पाठवले, उत्तर आलं की रिटर्नचे दहा दिवस संपले. संपले होते, ते बरोबर आहे, पण पावसाळा दहा दिवसांत कसा आणू मी? त्यानंतर रोज मला त्यांचा नवीन मॉडेलचा मेसेज येतो, षटकोनी टाइल्स, आता अधिक मूडसह.

तर घ्यावं का? भाड्याच्या घरात असाल तर फोम अजिबात नको. खोलीत आवाजाचा प्रॉब्लेम असेल तर आधी खुर्ची हलवा, मग गाद्या-गोधड्या टांगून बघा, मग पैसे जमले की सुतार. उजेड मंद हवा असेल तर पिवळा साधा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा.

एलईडीला एक स्टार कशाचा ते राहिलंच. गणपतीला आम्ही गावी जातो, रत्नागिरीकडे. यंदा निघताना आईने पट्टी भिंतीवरून सोलली, गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात घालून नेली. मखराच्या कडेने लावली आणि काय सांगू, बाप्पा असे काही उजळले की वाडीतली पोरं फोटो काढायला यायला लागली. रात्री भजनी मंडळ बसलं, मृदंग, टाळ, पेटी, पिकअपवालं एकही वाद्य नाही, त्यामुळे लाइट कितीही मंद करा, भुणभुण नाही. आणि तो म्युझिक मोड, ज्याने माझ्या किकला सात महिन्यांत एकदाही ओळख दिली नाही, तो टाळांवर असा नाचला की बुवा गजर संपवायचं नाव घेईनात.

भजनाची बारी संपवून थांबले तेव्हा बुवांनी घाम पुसत मला जवळ बोलावलं. म्हणाले, "कुठनं घेतलीस रे ही? लिंक पाठव."

पाठवली. फोम घेऊ नका एवढं खाली लिहिलंय.